ताल कोणाचा, मान कोणाचा?

नाना देशांची तालवाद्ये एका व्यासपीठावर मांडण्याची प्रथा आता महानगरांत चांगलीच रुजली आहे. उस्ताद अल्लारखाँ ३ फेब्रुवारी २००० रोजी निवर्तले. त्यांच्या पुण्यतिथीस त्यांचे सुपुत्र झाकीर हुसेन यांनी मुंबईत वर्षानुवर्षे भरविलेली मैफल हा या प्रथेचा उत्तम नमुना होय. माहीमच्या सेंट मायकल शाळेत शिकलेल्या या कलावंताने तबल्याशेजारी परदेशी वाद्यांस आणि लोकवाद्यांस आदराने बसविले. १५ डिसेंबर २०२४ रोजी ते गेले. त्यांचे औदार्य मात्र विसरण्याजोगे नाही.

तरीही बीड जिल्ह्यातून अशा उत्सवांकडे पाहताना आमच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. वाद्ये एका रांगेत बसली, म्हणून ती वाजविणारी व घडविणारी माणसेही एका रांगेत बसतात काय?

आमच्याकडची हलगीच घ्या. कड्यावर ताणलेले कातडे, दोन काठ्या आणि ते कातडे शेकण्यापुरता जाळ, एवढाच तिचा संसार. वरात असो वा पालखी, हलगीवाचून पाऊल पुढे पडत नसे. ती वाजविणारा मातंग मात्र उंबरठ्याबाहेरच उभा असे. शहरी रसिकांना जी आदिम ऊर्जा वाटते, ती गावात एका जातीवर लादलेली चाकरी होती. उत्सवांच्या निवेदनांत ही बाजू क्वचितच येते. ही मोठी उणीव आहे, असे आम्ही मानतो.

गायक टी. एम. कृष्णा यांच्या 'सेबास्टियन अँड सन्स' (२०२०) या इंग्रजी पुस्तकाने नेमके येथेच बोट ठेवले. मृदंगम् गाय, म्हैस व शेळी यांच्या कातड्यांतून सिद्ध होतो आणि तो घडविणारे बहुतांशी दलित ख्रिस्ती असतात. म्हणजे आपलीच माणसे! पुस्तकाच्या प्रकाशनास दिलेली परवानगी चेन्नईच्या कलाक्षेत्राने मागे घेतली. वाद्य पूज्य आणि कारागीर अनामिक, ही विसंगती त्या पुस्तकाने उघड केली.

हा प्रश्न आपल्या दारापाशीही येतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात स्थानिक संगीतपरंपरांना मान देण्यास सांगितले आणि उपासनेस साजतील अशा वाद्यांना वाट मोकळी केली. मग मिस्सेत हलगी का वाजू नये, असे उत्साही मंडळी विचारतील. उत्तर सोपे नाही. ज्या घराने हलगी खाली ठेवून मान मिळविला, त्या घरास संस्कृतीच्या नावाने ती पुन्हा हाती घ्यावयास सांगणे निर्दयपणाचे ठरेल. उलट ज्यास ती प्रिय आहे, त्याची हलगी हलकी ठरवून चर्चबाहेर ठेवणे हाही अन्यायच.

म्हणून निर्णय त्याचा असावा. तो हलगी वाजवो अथवा न वाजवो, वेदीवर वाचन करण्याचा, धर्मग्रामाच्या सभेत बोलण्याचा आणि पंगतीत मध्यभागी बसण्याचा त्याचा मान तेवढाच राहिला पाहिजे. एवढे साधले, तर तालाचा उत्सव शहरात शोधावा लागणार नाही.