चार तासांचं बेट: सँटोरिनीची प्रायव्हेट टूर कशी वाचावी

या मालिकेत आपण कथा-कादंबऱ्यांच्या बाहेरचा मजकूर समीक्षेच्या नजरेने वाचतो आहोत. आजचा मजकूर जेमतेम एका पानाचा आहे. भूमध्य समुद्रातल्या क्रूझला निघालेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये तो पीडीएफ होऊन पडलेला असतो. वर बेटाचं नाव, खाली तासांचा हिशेब, आणि मथळ्यात 'प्रायव्हेट' हा शब्द. जहाज किनाऱ्याला लागतं तेवढ्या काळात करायच्या सहलीला शोअर एक्स्कर्शन म्हणतात. ती जहाज कंपनीकडून घेता येते, किंवा बाहेरच्या एखाद्याशी परस्पर ठरवता येते. ही दुसरी ती प्रायव्हेट. मुंबई-पुण्याहून क्रूझला जाणारी आपली माणसंही हल्ली चार-पाच जण मिळून अशी गाडी ठरवतात.

आम्ही बेट घेतलं आहे ग्रीसमधलं सँटोरिनी, म्हणजे थिरा. कारण साधं आहे. हे बेट म्हणजेच ज्वालामुखी आहे, आणि सहलीच्या त्या एका पानावर ज्वालामुखी शोधावा लागतो.

आधी बेटाची रचना बघू, नाहीतर पुढचं कळणार नाही. नकाशावर सँटोरिनी तुटलेल्या कंकणासारखं दिसतं. मधे समुद्र. हा समुद्र म्हणजे काल्डेरा: उद्रेकात पोट रिकामं झाल्यावर खचलेल्या ज्वालामुखीची कढई. तिची खोली काही ठिकाणी पावणेचारशे मीटरच्या पुढे जाते. कढईच्या कडेवर, दोनशे मीटरहून उंच कड्यावर, फिरा हे मुख्य गाव. जहाजं या कढईतच येऊन थांबतात, पण धक्क्याला लागत नाहीत. माणसांना छोट्या बोटींतून, म्हणजे टेंडरमधून, किनाऱ्यावर उतरवतात.

आणि इथेच 'प्रायव्हेट' या शब्दाची पहिली परीक्षा होते. जहाजाच्या स्वतःच्या सहलीतल्या लोकांना साधारणपणे आधी उतरवतात, तेही अथिनिओस नावाच्या दुसऱ्या बंदरात. तिथे बस उभ्या असतात, आणि घाटरस्त्याने त्या थेट वर जातात. प्रायव्हेटवाला मात्र आपला नंबर यायची वाट बघतो, मग टेंडरने फिराच्या खालच्या जुन्या बंदरावर, स्काला म्हणतात तिथे, उतरतो. त्याची एसी गाडी वर उभी असते. मधे हा कडा.

वर जायला तीन वाटा. पायऱ्या आहेत, सहाशेच्या जवळपास. खेचरं आणि गाढवं आहेत, त्याच पायऱ्यांवरून. त्यांच्या पाठीवर शंभर किलोपेक्षा किंवा जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं घालू नये, असा नियम ग्रीक सरकारला २०१८ मध्ये करावा लागला. आणि तिसरी वाट केबल कारची. एका फेरीत सहा डबे, डब्यात सहा माणसं, म्हणजे छत्तीस. तीन हजारांचं एक जहाज आलं तर चौऱ्याऐंशी फेऱ्या. आता लक्षात घ्या, एका दिवशी एकच जहाज येत नाही. २०२३ मध्ये सुमारे ८०० जहाजं आणि १३ लाख क्रूझ प्रवासी या बेटावर आले. राहणारी माणसं पंधरा हजारांच्या आसपास. ऐन हंगामात एकेका दिवशी सतरा हजारांपर्यंत प्रवासी उतरल्यावर गाव कसं दिसत असेल, याची कल्पना करा. मग दिवसाला आठ हजारांची मर्यादा घालायचं ठरलं, आणि जुलै २०२५ पासून ऐन हंगामात क्रूझने येणाऱ्या माणशी २० युरो शुल्क आलं.

म्हणजे बघा, पानावर लिहिलेलं असतं 'गर्दीपासून दूर', आणि सहलीची सुरुवात नि शेवट गर्दीच्या रांगेत. परतीची रांग तर जास्त वाईट. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज आपल्या माणसांसाठी थांबतं. प्रायव्हेटवाल्यासाठी थांबत नाही. त्यामुळे चार तासांची सहल प्रत्यक्षात घड्याळाकडे बघत होते. आम्हाला यात फसवणूक दिसत नाही, असं स्पष्ट सांगतो. गाडीवाला कडा हलवू शकत नाही. पण समीक्षक म्हणून विचारायचं ते असं: या पानाने तुम्हाला विकलंय काय? तर मोकळीक. आणि या बेटावर जी गोष्ट सगळ्यात दुर्मिळ, नेमकी तीच.

आता मजकुराच्या आत शिरू. अशी पानं आम्ही बरीच वाचली, आणि त्यांची चाल जवळजवळ ठरलेली आहे. इया गाव, निळे घुमट, फोटो. मग प्रोफितिस इलियास डोंगर किंवा पिर्गोस गाव, फोटो. वायनरी, चव. काळ्या वाळूचा किनारा, थोडा आराम. परत फिरा. अक्रोतिरीचं उत्खनन असलंच तर 'वेळ असल्यास'. क्रियापदं मोजा: बघणे, चाखणे, टिपणे. ऐकणे नाही, विचारणे तर नाहीच. ज्वालामुखी येतो तो विशेषण होऊन. ज्वालामुखीय वाळू, ज्वालामुखीय मातीतली वाईन. नाम कुठे गेलं? भूकंप हा शब्द तर आम्हाला एकाही पानात सापडला नाही.

आमचा मुख्य आक्षेप या विशेषणावर आहे. कारण इथे ज्वालामुखी हा इतर प्रेक्षणीय स्थळांपैकी एक नव्हे. बाकीची बहुतेक स्थळं त्याच्यापासून झाली आहेत.

इया घ्या. ती पांढरी, गोलसर छपरांची घरं सगळ्यांच्या फोटोत असतात. त्यातली बरीचशी मुळात बांधलेली नाहीत, खोदलेली आहेत. इसवी सनापूर्वी साधारण १६०० च्या सुमारास, नेमकं साल अजून वादाचं आहे, इथे जो प्रचंड उद्रेक झाला, त्याची राख आणि प्यूमिस बेटावर काही ठिकाणी कित्येक मीटर जाड साचली. प्यूमिस म्हणजे टाचा घासायला वापरतात तो हलका, सच्छिद्र दगड. या थरात माणसांनी गुहेसारखी घरं कोरली. बेटावर लाकूड फार नाही, पण ही माती चुन्यात मिसळली की पाण्यातही टिकणारा घट्ट गिलावा होतो, म्हणून लाकडी तुळयांशिवाय कमानी उभ्या राहिल्या. एकोणिसाव्या शतकात सुवेझ कालव्याच्या बांधकामासाठी हीच माती इथून जहाजं भरभरून गेली. आणि ती खणताना, शेजारच्या थिरासिया बेटावर, राखेखाली जुन्या घरांच्या भिंती लागल्या. पॉम्पेईसारखं काहीतरी इथेही पुरलेलं आहे, हे त्यातून कळू लागलं.

ही कोरलेली घरं गरिबांची होती. गावातल्या जहाजमालकांचे वाडे वेगळे. मग ९ जुलै १९५६ ला मोठा भूकंप झाला, पन्नासहून जास्त माणसं गेली, इया उद्ध्वस्त झालं, आणि बरीच कुटुंबं बेट सोडून निघून गेली. १९७० च्या दशकात ग्रीसच्या राष्ट्रीय पर्यटन संस्थेने इथली पडकी घरं दुरुस्त करून पाहुण्यांसाठी खोल्या केल्या. आज ज्या गुहेत एका रात्रीचं भाडं ऐकून आपण दचकतो, तिचा हा इतिहास. ही घरं रिकामी कशी झाली, हे फोटो काढणाऱ्याला कुणी सांगतच नाही.

वाईनचंही तेच. असिर्तिको द्राक्षाची वेल इथे मांडवावर चढवत नाहीत. जमिनीलगत टोपलीसारखी वळवतात, आणि घड त्या टोपलीच्या आत वाढतात. वारा बेफाम, पाऊस अगदी कमी, म्हणून ही युक्ती. युरोपभर द्राक्षबागा खाऊन टाकणारी फायलोक्सेरा कीड या मातीत जगत नाही, त्यामुळे इथल्या वेली स्वतःच्याच जुन्या मुळांवर उभ्या आहेत. चार ग्लास पुढे येतात तेव्हा ही टोपली बागेत दहा पावलांवर असते. आमच्या बरोबरची मंडळी ग्लासांशीच थांबली. खरं सांगायचं तर आम्हीही.

अक्रोतिरीबद्दल मात्र आमचा आग्रह आहे. स्पिरिदोन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये इथे खणायला सुरुवात केली. दुमजली, तिमजली घरं, रस्ते, सांडपाण्याच्या वाहिन्या, रांजण, भिंतींवर चित्रं, सगळं राखेत जपलेलं. माणसांचे सांगाडे मात्र मिळाले नाहीत. म्हणजे जमीन हलायला लागल्यावर लोक निघाले असावेत. कुठे पोचले, कुणास ठाऊक. तिथल्या एका घरात चित्रांचा एक लांब पट्टा होता, आता तो अथेन्सच्या संग्रहालयात आहे. त्यात सजवलेली जहाजं एका गावाहून दुसऱ्या गावाला चालली आहेत, जहाजात माणसं बसलेली, आणि गावातली माणसं गच्च्यांवरून बघताहेत. साडेतीन हजार वर्षांपूर्वी या बेटावर कुणीतरी जहाजातले प्रवासी आणि त्यांना बघणारे गावकरी एकाच भिंतीवर रंगवले. आजच्या सहलीच्या पानावर बघणारे फक्त आपण. गावकरी चित्रातच नाहीत.

आणि तो गावकरी अजून त्याच ज्वालामुखीवर राहतो आहे. काल्डेराच्या मधोमध नेआ कामेनी हे काळं बेट दिसतं, ते ऐतिहासिक काळातच लाव्ह्यातून वर आलं. त्याचा शेवटचा उद्रेक १९५० चा, म्हणजे आपल्यातल्या काहींच्या जन्मानंतरचा. उत्तर-पूर्वेला समुद्राखाली कोलुम्बो नावाचा दुसरा ज्वालामुखी आहे. १६५० मध्ये त्याच्या उद्रेकाने सँटोरिनीवर माणसं आणि जनावरं मेली. जानेवारी २०२५ च्या अखेरीस बेट पुन्हा हलू लागलं. हजारो धक्के, शाळा बंद, आणीबाणी जाहीर, आणि अकरा हजारांहून जास्त माणसं बोटी-विमानांनी बाहेर पडली. समुद्रतळाखाली शिलारस सरकत होता, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. पुढच्या मोसमात सहलीची पानं जशीच्या तशी होती. आम्ही जुनी-नवी शेजारी ठेवून पाहिली, फरक फक्त दराचा.

यावर कुणी म्हणेल, सुटीवर आलेल्या माणसाला कशाला घाबरवायचं? प्रश्न योग्य आहे. पण न सांगण्याची किंमत काय असते, हे न्यूझीलंडच्या फाकारी, म्हणजे व्हाइट आयलंडवर दिसलं. ९ डिसेंबर २०१९ ला तिथे उद्रेक झाला तेव्हा ४७ माणसं बेटावर होती, त्यातली बरीच एका क्रूझ जहाजावरून सहलीला आलेली. २२ जण गेले. सँटोरिनीत रोज असा धोका आहे, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. तिथे लोक थेट विवराच्या तळाशी गेले होते. मुद्दा मजकुराचा आहे. ज्वालामुखी विशेषण झाला की तो माणसाच्या हिशेबातून सुटतो.

मग प्रायव्हेट सहल घेऊच नये का? उलट. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना पन्नास जणांच्या बसमागे पळवण्यापेक्षा गाडी कितीतरी बरी, आणि जहाज कंपनीचा वाटा न जाता पैसा बेटावरच्या माणसाच्या हाती पडण्याची शक्यता जास्त. शिवाय बसमध्ये गाइड माइकवर बोलते आणि आपण ऐकतो. गाडीत चालक शेजारी बसलेला असतो. ग्रीसमध्ये उत्खननाच्या जागी परवानाधारक गाइडलाच माहिती देता येते, चालक फाटकाबाहेर थांबतो. पण रस्त्यावर तो बोलू शकतो. छापील पानावर जे नाही ते त्याला माहीत असतं. आमच्या चालकाला इयाला जाताना आम्ही विचारलं, भूकंपात तुमचं घर होतं का इथे? त्याने गाडी हळू केली, आणि पुढची वीस मिनिटं आजीबद्दल बोलत होता. निळ्या घुमटांशी थांबायचा वेळ त्यात गेला. बरोबरच्या दोघांना ते आवडलं नाही, आणि त्यांचं काही चुकलं असंही नाही. त्यांनी पैसे घुमटांचे दिले होते.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पानावर नसते आणि फुकट मिळते. जहाजाहून टेंडरने येताना सगळे जण पांढरं गाव टिपायला वर बघतात. थोडं खाली बघा. कड्यात थर दिसतात: काळा लाव्हा, तांबूस राखेचे पट्टे, पुन्हा काळा, आणि अगदी वर तो फिकट प्यूमिसचा थर, ज्यावर गाव बसलं आहे. घाटातून जाताना सह्याद्रीच्या कातळात लाव्ह्याचे थर बघायची सवय आपल्याला आहे, त्यामुळे डोळा लगेच बसतो. फरक इतकाच, की आपल्याकडे ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाले. टेंडरला दहा-पंधरा मिनिटं लागतात. प्रश्न असतील तर आता विचारा.