ख्रिस्ती महाविद्यालयाची मूल्ये : सीमेवरील गावाच्या दृष्टीने एक परीक्षण

ख्रिस्ती महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिका वाचल्या असता त्यांच्या ध्येयनिवेदनांत मोठे साम्य आढळते. ज्ञान, चारित्र्य, सेवा, सर्वांगीण विकास हे शब्द सर्वत्र आहेत. त्यांविषयी कोणाचा मतभेद असण्याचे कारण नाही, आणि हीच त्यांची उणीव आहे. ज्या विधानाला कोणीही विरोध करू शकत नाही, त्या विधानाने संस्थेला कशाशीही बांधून घेतलेले नसते. म्हणून मूल्ये कोणती, या प्रश्नाबरोबरच ती कोणासाठी, हे विचारणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात हा प्रश्न बीदरहून औरादकडे जाताना लागणाऱ्या जनवाड्यासारख्या सीमेवरील गावाच्या दृष्टीने विचारावयाचा आहे.

मराठी प्रदेशातील ख्रिस्ती उच्च शिक्षणाच्या आरंभकाळात डॉ. जॉन विल्सन यांचे नाव अग्रभागी आहे. १८२९ मध्ये ते मुंबईस आले, कोकणात राहून मराठी शिकले, आणि १८३२ मध्ये त्यांनी आंब्रोळी येथे इंग्रजी शाळा काढली. तिचेच पुढे विल्सन महाविद्यालय झाले. कलकत्त्यास अलेक्झांडर डफ यांनी इंग्रजीवर भर दिला होता. विल्सन यांनी देशी भाषांना आपल्या कार्यात अधिक मानाचे स्थान दिले. हेतू मात्र उघड होता : विद्येच्या द्वारे सुवार्ता. १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा पालकांनी मुले भराभर काढून घेतली. विल्सन यांनी ती हानी पत्करली. तरुण वयातील धर्मांतराबद्दल आणि घराशी होणाऱ्या ताटातुटीबद्दल त्यांच्या धोरणावर आज आक्षेप घेता येईल. परंतु आपल्या ध्येयाची किंमत त्या संस्थेला ठाऊक होती, हे नाकारता येणार नाही.

याच संस्थेत शिकलेले, ब्राह्मण कुळातील नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा १८४३ मध्ये झाला. शहरात राहून मान व पद मिळविणे त्यांना अशक्य नव्हते. तरी ते पुढे निजामाच्या राज्यात जालन्यास गेले, तेथील मांग व महार बांधवांत राहिले आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. बीदर जिल्हा तेव्हा त्याच राज्याचा भाग होता. गिरगाव चौपाटीवरील १८८९ ची भव्य इमारत पाहून आपण विल्सन यांच्या कार्याचे मोजमाप करतो. परंतु त्या शिक्षणाचे खरे फळ पाहावयाचे असेल तर बेथेलकडे वळले पाहिजे. विद्या घेऊन वर चढण्याचा मार्ग मोकळा असताना खाली उतरण्याची निवड करणारा मनुष्य त्या शाळेतून बाहेर पडला. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रभूच्या रिक्त होण्याविषयी जे सांगितले आहे, त्याच्याशी ही निवड सुसंगत आहे.

दुसरा विचार मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे डॉ. विल्यम मिलर यांचा. १८६२ मध्ये ते मद्रासेस आले. महाविद्यालयाचे काम व्यक्तींचे धर्मांतर घडविण्याचे नसून समाजाच्या विचारात ख्रिस्ती सत्य हळूहळू मुरविण्याचे व भावी काळासाठी भूमी तयार करण्याचे आहे, असा त्यांच्या मताचा आशय होता. या भूमिकेने महाविद्यालयास बौद्धिक प्रामाणिकपणा दिला व अन्यधर्मीय विद्यार्थ्याचा सन्मान राखला. हा तिचा गुण मोठा आहे. परंतु तिच्यात दोन दोष आहेत. पहिला असा की, मुरलेला प्रभाव मोजता येत नाही, म्हणून संस्थेला स्वतःची परीक्षा घेण्याची गरजच उरत नाही. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. 'समाज' म्हणताना वरिष्ठ वर्ग गृहीत धरला गेला. आणि त्याच दशकांत खेड्यापाड्यांतील दलित जन महाविद्यालयाची वाट न पाहता आपल्या पायांनी मंडळीत येत होते. आजच्या माहितीपुस्तिकांतील 'मूल्ये' हा शब्द मिलर यांच्या विचाराचाच वारस आहे. गुणांपेक्षा दोष मात्र त्याने अधिक घेतले.

१९३१ मध्ये ए. डी. लिंडसे यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने भारतातील ख्रिस्ती उच्च शिक्षणाविषयी आपला अहवाल दिला. परीक्षापद्धतीच्या ओझ्याखाली महाविद्यालयांचे ध्येय दबले आहे, हे त्याने स्पष्ट केले. आणि संशोधन व विस्तारकार्य यांच्या द्वारे महाविद्यालयाने भोवतालच्या समाजाशी व मंडळीशी जोडले जावे, अशी शिफारस केली. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे महाविद्यालय स्थापिले, ते याच दिशेचे पाऊल होते. एका भारतीय ख्रिस्ती पुरुषाने दुष्काळी जिल्ह्याच्या ठिकाणी ते उभारले, आणि पुढे त्यातून ग्रामीण विकासाच्या अभ्यासाचे केंद्रही निघाले. इथे 'सेवा' या शब्दाला गाव, पाणी व शेत यांचा संदर्भ मिळाला.

आता जनवाड्याकडे येऊ. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. १९५६ मध्ये जुना बीदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी आणि महाविद्यालयात इंग्रजी, अशी येथील मराठी मुलाची स्थिती झाली. तो महाविद्यालयाच्या दारात उभा राहतो तेव्हा त्याला गुणांच्या अगोदर भाषेचा उंबरठा ओलांडावा लागतो.

दलित ख्रिस्ती मुलापुढे आणखी एक उंबरठा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध त्यात समाविष्ट झाले, ख्रिस्ती वगळलेलेच राहिले. मंडळी या अन्यायाविरुद्ध योग्यच दाद मागते, आणि धर्मांतराने जातीची झळ संपत नाही असे शासनाला सांगते. मग तोच युक्तिवाद आपल्या महाविद्यालयाच्या प्रवेशसमितीपुढे का केला जात नाही? घटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना संस्था चालविण्याचा हक्क दिला. २००५ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या पंधराव्या अनुच्छेदाच्या पाचव्या खंडाने अल्पसंख्याक संस्थांना प्रवेशातील आरक्षणाच्या तरतुदीतून वगळले. हे स्वातंत्र्य आहे, पण ते कशासाठी वापरावयाचे हे कायदा सांगत नाही. ज्यांना शासनाने वगळले त्यांच्यासाठी ते वापरले तर तो हक्क साक्ष होतो. केवळ शुल्क भरू शकणाऱ्यांसाठी वापरले तर तो विशेषाधिकार होतो.

यावर असे म्हटले जाईल की महाविद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थी व अनेक अध्यापक ख्रिस्ती नाहीत, आणि संस्था दुर्बलांना जवळ करू लागली तर दर्जा खालावेल. पहिला मुद्दा खरा आहे, परंतु तो येथे बाधक नाही. दुर्बलाला अग्रस्थान देणे ही केवळ ख्रिस्ती समाजापुरती गोष्ट नव्हे. बसवकल्याणच्या या भूमीला तर बाराव्या शतकापासून दासोहाची कल्पना परिचित आहे. कोणताही सुबुद्ध अन्यधर्मीय अध्यापक या कार्यात सहभागी होईल. दुसऱ्या आक्षेपात दर्जाची व्याख्याच तपासावी लागेल. निवडलेले विद्यार्थी घेऊन त्यांना उत्तीर्ण करण्यात अध्यापनाचा कस लागत नाही. मराठीतून कन्नडात व कन्नडातून इंग्रजीत आलेल्या मुलाला विचार करावयास शिकविणे हे अध्यापनाचे अवघड काम आहे, आणि दर्जा तेथे सिद्ध होतो.

तेव्हा ध्येयनिवेदनाऐवजी महाविद्यालयाने दरवर्षी तीन गोष्टींचा हिशेब मंडळीपुढे ठेवावा. भूमिहीनांच्या घरांतून किती विद्यार्थी आले? त्यांपैकी किती शेवटच्या वर्षापर्यंत टिकले, आणि जे गळाले ते भाषेमुळे, शुल्कामुळे की अपमानामुळे? पदवी घेतलेल्यांपैकी किती जण आपल्या मुलुखाच्या उपयोगी पडत आहेत? लूककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभूने नासरेथच्या सभास्थानात आपले कार्य सांगितले, तेव्हा ते कोणासाठी आहे हे प्रथम सांगितले. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या महाविद्यालयाने आपली मूल्ये सांगतानाही हाच क्रम पाळला पाहिजे.