नवा मोंढा आणि नवीन नांदेड : एका विशेषणाचा विचार

नांदेडात ‘नवा मोंढा’ आहे आणि ‘नवीन नांदेड’ही आहे. कोशात दोन्ही विशेषणांचा अर्थ जवळजवळ एकच. पण मोंढ्याकडे निघालेला माणूस ‘नव्या मोंढ्यात’ जातो. ‘नवीन नांदेडात’ जाणाऱ्याचे विशेषण जागचे हलत नाही. लातुरातही ‘जुन्या रेणापूर नाक्या’चे रूप बदलते, ‘नवीन रेणापूर नाक्या’तील ‘नवीन’ तसेच राहते. शालेय व्याकरण विकारी-अविकारी एवढे सांगून थांबते. या भेदाचा अर्थ मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

संस्कृत ‘नव’ आणि लॅटिन ‘नोवुस’ एकाच इंडो-युरोपीय मुळाचे. लॅटिनमध्ये तिन्ही लिंगांत नोवुस, नोवा, नोवुम; मराठीत नवा, नवी, नवे. फ्रेंच व इटालियन या लॅटिनच्या लेकींनी नपुंसकलिंग सोडले, हिंदी-उर्दूनेही सोडले. मराठीने ते जपले. लॅटिन विशेषण मात्र नामाबरोबर सगळ्या विभक्तींत चालते. मराठीने तो पसारा आवरून ‘नव्या’ हे एकच सामान्यरूप ठेवले.

अर्थाकडे पाहिले, तर रोमला नवेपणाची धास्तीच होती. घराण्यात पूर्वी कोणी उच्चपदी नसताना वर आलेला तो ‘नोवुस होमो’, म्हणजे नवा माणूस. इ. स. पूर्व ६३ मध्ये कॉन्सल झालेला सिसेरो असाच. ‘रेस नोवाय’ म्हणजे शब्दशः नव्या गोष्टी, आणि रूढार्थाने राज्यक्रांती. आपणही ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणून तोच संशय मांडतो.

मराठवाड्याच्या सीमेवर या रूपांना वेगळे मोल येते. देगलूर-बिलोलीपलीकडे तेलुगूतील ‘कोत्त’ आणि निलंगा-उदगीरपलीकडे कन्नडमधील ‘होस’ ही ‘नवा’ या अर्थाची विशेषणे कोणत्याही लिंगाच्या नामापुढे तशीच राहतात. १९४८पर्यंत राज्यकारभार उर्दूत होता. तरी इथला शेतकरी नवा बैल, नवी गाय, नवं वासरू असेच म्हणत आला.

३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातील गावे दुसऱ्या जागी वसली. मागे राहिले ते ‘जुनं गाव’. ‘जुना’ आणि ‘जीर्ण’ एकाच धातूपासून आलेले. पण ‘जीर्ण’ शब्द पडक्या भिंतींपाशी थांबतो, तर ‘जुनं’ म्हणताना तिथे राहिलेली माणसेही आठवतात. ‘जीर्ण’ आणि ‘नवीन’ नामापुढे ताठ उभे राहतात. ‘जुना’ आणि ‘नवा’ नामाच्या घरचे होतात. वसाहतींना नावे देणाऱ्यांनी फलक रंगवण्यापूर्वी एवढा फरक जरूर ऐकावा.