एका खोऱ्याचा प्रबंध

पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध तपासण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे येते. अलीकडे त्यांत 'शाश्वत विकास' हा विषय फार दिसतो. बहुतेकांचा साचा ठरलेला असतो. आरंभी ब्रुंटलँड आयोगाने १९८७ साली केलेली व्याख्या, मग शंभरेक जणांकडून भरून घेतलेली प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते आणि अखेरीस 'जनजागृतीची गरज आहे' हा निष्कर्ष. तो प्रश्नावली न भरताही काढता आला असता. विद्यार्थ्याचे कष्ट खरे असतात, पण हाती नवे काही लागत नाही. असे का होते, हे समजून घेण्यासाठी एक जुना प्रबंध पाहण्यासारखा आहे.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी तो १९६५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत पीएच.डी.साठी सादर केला. शाळेत असताना मुलगी म्हणून त्यांना त्रिकोणमिती घेण्यापासून परावृत्त केले गेले. त्यामुळे त्यांचे गणित अपुरे राहिले. अर्थशास्त्राचे दार बंद झाले आणि त्या राज्यशास्त्राकडे वळल्या. पुढे २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या!

प्रबंधाचा विषय होता लॉस एंजेलिसजवळचे, समुद्राला लागून असलेले 'वेस्ट बेसिन' हे भूजलाचे खोरे. शहरे, पाणी पुरवणाऱ्या कंपन्या आणि कारखाने आपापल्या विहिरींतून पाणी उपसत होते. उपसा भरपाईहून जास्त झाल्यावर भूजलाची पातळी समुद्रसपाटीखाली गेली. गोड्या पाण्याचा दाब कमी पडल्याने खारे पाणी जमिनीखालून आत सरकू लागले. एकाने उपसा कमी करावा, तर वाचलेले पाणी शेजारी ओढून घेणार. मग थांबायचे कोणी? वरून हुकूम सोडणारे कोणी नसताना ही माणसे एकत्र कशी आली, एवढाच प्रश्न ऑस्ट्रॉम यांनी घेतला.

उत्तरासाठी त्या पाणी वापरणाऱ्यांच्या संघटनेच्या बैठकांना जाऊन बसल्या, इतिवृत्ते वाचली, न्यायालयाचे कागद पाहिले, लोकांशी बोलल्या. त्यांतून घटनाक्रम उलगडला. १९४५ मध्ये दावा दाखल झाला, १९४६ मध्ये संघटना स्थापन झाली. न्यायालयाने तटस्थ पाहणी करवून घेतल्यामुळे कोण किती उपसतो हे सर्वांना कळले. १९५५ मध्ये उपसा घटवण्याचा हंगामी करार झाला आणि १९६१ मध्ये अंतिम निवाडा. दरम्यान १९५९ मध्ये मतदारांच्या संमतीने पुनर्भरणासाठी स्वतंत्र मंडळ उभे राहिले. उपशावर आकार बसवायचा आणि त्या पैशातून साठा भरायचा, अशी योजना झाली. किनाऱ्यालगत विहिरींतून गोडे पाणी जमिनीत सोडून खाऱ्या पाण्यापुढे बांधच घातला गेला.

१९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी सामायिक साधनांच्या शोकांतिकेवरचा आपला गाजलेला लेख लिहिला. साधन खासगी करा किंवा सरकारी अंमल आणा, असा त्याचा अर्थ लावला गेला. तिसरी वाट तीन वर्षे आधीच एका विद्यार्थिनीच्या प्रबंधात कागदोपत्री पुराव्यानिशी मांडलेली होती. त्यात 'शाश्वत विकास' हा शब्द नव्हता. तो नंतर रूढ झाला.

मात्र हा प्रबंधही डोळे झाकून आदर्श मानता येणार नाही. एक म्हणजे ही एकाच खोऱ्याची आणि यशाची कहाणी आहे. जिथे अशी जुळवाजुळव फसली तिथे काय कमी पडले, हे एका उदाहरणावरून कळत नाही. ऑस्ट्रॉम यांनी पुढे अनेक देशांतील यशाची आणि अपयशाची उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली. त्याचे फळ म्हणजे त्यांचा १९९०चा ग्रंथ. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. उपसा घटवणे लोकांना परवडले, कारण दूरच्या कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने येत होते. किनाऱ्यावरच्या विहिरींत सोडलेले पाणीही सुरुवातीला बाहेरूनच आणलेले होते. ती नदी आज बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोहोचतसुद्धा नाही. खोऱ्यापुरता हिशेब जुळला, पण त्याचा काही भार दुसरीकडे गेला. शाश्वततेचा अभ्यास करताना सीमारेषा कुठे आखली, हे म्हणूनच विचारावे लागते.

आपल्या विद्यार्थ्यांना यातून काय सांगता येईल? विषय राज्याचा किंवा देशाचा घेऊ नका; एका गावातल्या विहिरी आणि विंधनविहिरी घ्या. ग्रामसभेचे ठराव वाचा, उन्हाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाण्याची पातळी स्वतः मोजा. कोण किती उपसतो, नोंद कोण ठेवतो, नियम मोडणाऱ्याला कोण अडवतो, ते विचारा. गावात टँकर येत असेल, तर तो कोणाच्या विहिरीवर भरतो तेही लिहा. आणि प्रबंध विद्यापीठात दिल्यावर त्याचा चार पानी गोषवारा मराठीत त्या गावात वाचून दाखवा. चुका असतील तर गावकरीच दाखवतील, आणि त्या परीक्षकाला कधीच सापडल्या नसत्या.