तीन रौप्यपदकांचें चरित्र

खेळाडूंचीं चरित्रें वाचण्याचा व चित्रपटांतून पाहण्याचा योग अलीकडे आम्हांला वरचेवर येतो. घरांतील मुलांच्या हातीं असें एखादें पुस्तक पडलेलें पालकांना आवडतें, आणि त्यांत गैर असें कांहींच नाहीं. परंतु अशीं पांचसहा चरित्रें ओळीनें वाचलीं, कीं तीं सर्व एकाच सांच्यांतून काढलीं आहेत असें वाटूं लागतें. गरिबीचें घर, करारी गुरु, प्रथमची मानहानि, रात्रंदिवस मेहनत, एक बलाढ्य प्रतिस्पर्धी, आणि अखेरीस त्या प्रतिस्पर्ध्याचा पाडाव ! येथें चरित्र संपतें, आणि जो चिकाटी धरतो तो जिंकतो, एवढा बोध घेऊन वाचक उठतो. हा बोध सर्वथा खरा असता, तर आमची कांहींच तक्रार नव्हती. परंतु ज्याच्या चिकाटीविषयीं कोणासहि शंका घेतां येणार नाहीं, असा मनुष्य ऐन मोक्याच्या वेळीं पुनः पुनः हरला असेल, तर चरित्रकारानें काय करावें ?

मलेशियाचा बॅडमिंटनपटु ली चोंग वेई याचें आयुष्य हा प्रश्न जितक्या स्पष्टपणें आपणांपुढें ठेवतें, तितका दुसरें क्वचितच ठेवील. त्याचा जन्म १९८२ सालीं पेराक प्रांतांतील बागान सेराय येथें झाला. मिसबुन सिडेक यांच्यासारखा जाणता गुरु त्याला लाभला. पुढें जागतिक क्रमवारींत पहिल्या क्रमांकावर तो एकंदर ३४९ आठवडे होता; त्यांपैकीं १९९ आठवडे तर सलग, म्हणजे ऑगस्ट २००८ पासून जून २०१२ पर्यंत. मलेशियन ओपन त्यानें बारा वेळां जिंकली. ऑल इंग्लंड स्पर्धेंत २०१०, २०११, २०१४ आणि २०१७ अशीं चार वर्षें त्याचें नांव विजेता म्हणून कोरलें गेलें. असें असूनहि ऑलिंपिकचें सुवर्णपदक त्याला मिळालें नाहीं, आणि विश्वविजेतेपदहि नाहीं. २००८, २०१२ आणि २०१६ अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत तो अंतिम सामन्यापर्यंत पोंचला व तिन्ही वेळां रौप्यपदक घेऊन परतला.

पहिल्या दोन वेळां त्याच्या समोर उभा होता तो चीनचा लिन डॅन. हा डावखुरा खेळाडु ली पेक्षां वयानें एक वर्षानें लहान. दोन ऑलिंपिक सुवर्णपदकें आणि पांच विश्वविजेतेपदें त्याच्या नांवावर आहेत. दोघे एकमेकांशीं चाळीस वेळां खेळले. अठ्ठावीस सामने लिननें जिंकले, बारा लीनें. एवढ्या थोड्या आंकड्यांत सारी कथा आली असें वरवर पाहणारास वाटेल. आमच्या मतें कथेस प्रारंभ येथून होतो.

लीचें आत्मचरित्र २०१२ च्या आरंभीं, लंडनच्या ऑलिंपिकपूर्वींच, प्रसिद्ध झालें. त्याच्या आयुष्यावरील चित्रपट २०१८ सालीं आला. दिग्दर्शक टेंग बी यांचा हा चित्रपट बालपणापासून आरंभ करून २००६ च्या मलेशियन ओपनच्या अंतिम सामन्यापाशीं येऊन थांबतो. या सामन्याची निवड नाट्याच्या दृष्टीनें बिनचूक आहे, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों. त्या वर्षीं बॅडमिंटनमध्यें एकवीस गुणांची नवी पद्धति नुकतीच आली होती. पूर्वीं सर्व्हिस हातीं असल्यावांचून गुण मिळत नसे, त्यामुळें मागें पडलेल्या खेळाडूला सांवरण्यास अवसर मिळे. नव्या पद्धतींत प्रत्येक चुकीला गुण मोजावा लागतो. अशा पद्धतींत, तिसऱ्या व निर्णायक गेममध्यें, लिनविरुद्ध १३–२० अशी अवस्था असतां ली उभा राहिला. एक चूक, कीं सामना संपला ! आणि तेथून त्यानें तो गेम २३–२१ असा जिंकला. चिकाटीचा याहून रोखठोक दाखला नाटककारालाहि सुचावयाचा नाहीं.

तरी पण आमचा आक्षेप नेमका येथेंच आहे. २००६ मध्यें थांबणें म्हणजे चढावर थांबून त्यालाच शिखर म्हणणें होय. चित्रपट तयार झाला तेव्हां पुढचीं बारा वर्षें निर्मात्यांना ठाऊक होतीं. बीजिंगला २००८ मध्यें लिननें लीला २१–१२, २१–८ असें सहज नमविलें, हें ठाऊक होतें. २०११ च्या विश्वस्पर्धेचा अंतिम सामना ली पहिला गेम २२–२० असा जिंकून शेवटीं २१–२३ असा हरला, हें ठाऊक होतें. २०१२ च्या मे महिन्यांत थॉमस चषकांत त्याचा घोटा दुखावला, आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांनीं लंडनला तो पहिला गेम २१–१५ असा जिंकून, दुसरा १०–२१ असा गमावून, तिसरा अवघ्या दोन गुणांनीं, १९–२१ असा हरला, हेंहि ठाऊक होतें. हें सारें गाळलें, तर उरतें तें एका होतकरू तरुणाचें चरित्र. ली चोंग वेई ज्या गोष्टीमुळें जगाच्या स्मरणांत राहिला, ती गोष्टच त्यांत येत नाहीं.

जे लेखक पुढील वर्षांकडे वळतात, त्यांचे सामान्यतः दोन पंथ आढळतात. पहिला पंथ सांत्वनाचा. प्रयत्न हेंच खरें यश, पदकाला काय महत्त्व, असें हे लेखक म्हणतात. ऐकण्यास हें गोड वाटतें. परंतु ज्यानें आपलें तारुण्य एका सुवर्णपदकासाठीं वेंचलें, त्याच्या आकांक्षेचा हा एक प्रकारें अपमानच आहे. पदकाला महत्त्व नव्हतें, तर तो तेहेतिसाव्या वर्षीं रिओला गेला कशाला ? त्याच्या देशाला २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकअखेरहि एकहि सुवर्णपदक मिळालेलें नाहीं. त्या लहानशा देशाचा सगळा भार प्रत्येक वेळीं त्याच्याच खांद्यावर होता. हरणें त्याला लागलें, म्हणूनच त्याच्या पुनः उभें राहण्याला मोल आहे. जखम झालीच नाहीं असें म्हटल्यावर धैर्याचें कौतुक तें कशाचें करावयाचें ?

दुसरा पंथ दैवाचा. येथें ली हा कर्ण होतो आणि लिन हा अर्जुन. रथाचें चाक भूमींत रुततें आणि वाचकांचे डोळे पाणावतात. आमच्या मराठी मनाला हा पंथ फार जवळचा आहे, म्हणून त्याविषयीं अधिक सावध राहिलें पाहिजे. चाळीसपैकीं अठ्ठावीस सामने दैवानें जिंकतां येत नाहींत. लीचा वेग, त्याचा बचाव आणि उंच उडी घेऊन मारलेला त्याचा फटका यांना तोड नव्हती. वर्षभर, स्पर्धेमागून स्पर्धा, एकाच उंचीवर खेळत राहणें हें त्याचें खास सामर्थ्य. तीनशें एकोणपन्नास आठवडे त्याचीच साक्ष देतात. लिनचें सामर्थ्य निराळें होतें. लहान स्पर्धांत तो हरे, केव्हां केव्हां दिसेनासाहि होई. परंतु मोठ्या दिवशीं आपला सर्वोत्तम खेळ बाहेर काढण्याची हातोटी त्याच्याजवळ होती. २०१३ मध्यें जवळजवळ वर्षभराच्या विश्रांतीनंतर विशेष प्रवेशिकेवर तो ग्वांगझूच्या विश्वस्पर्धेंत उतरला आणि अंतिम सामन्यांत लीपुढें उभा राहिला. पहिला गेम लीचा, दुसरा लिनचा. तिसऱ्यांत २०–१७ अशी लिनची आघाडी असतां पायांत गोळे येऊन ली कोसळला व त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावें लागलें. येथें दैव कोठें आहे ? दोन भिन्न प्रकारच्या शक्ति एकमेकींशीं भिडल्या, आणि विशिष्ट दिवसाची कसोटी ज्या शक्तीला अनुकूल, ती जिंकली. हें ओळखण्यास डोळे कोरडे असावे लागतात.

तिसरी एक गोष्ट आहे, ती दोन्ही पंथ दडवूं पाहतात. २०१४ च्या कोपनहेगन येथील विश्वस्पर्धेंत लीच्या तपासणींत डेक्सामेथासोन हें निषिद्ध द्रव्य आढळलें. त्या स्पर्धेंतील त्याचें रौप्यपदक परत घेण्यांत आलें आणि त्याला आठ महिन्यांची बंदी झाली. फसवणुकीचा हेतु नव्हता, हें चौकशी मंडळानें मान्य केलें; तरी निष्काळजीपणाची शिक्षा त्याला भोगावी लागली. चरित्रनायकाच्या अंगावरील हा डाग पुसून टाकण्याचा मोह चरित्रकारानें आवरला पाहिजे असें आम्हांला वाटतें. कारण २०१५ च्या मे महिन्यांत बंदी संपल्यावर क्रमवारींत खालीं घसरलेल्या स्थानापासून तो पुनः वर चढला, आणि त्याच वर्षीं विश्वस्पर्धेच्या अंतिम सामन्यांत पोंचला, ही गोष्ट तो डाग मान्य केल्यावांचून कशी कळणार ?

आणि मग रिओ. १९ ऑगस्ट २०१६ रोजीं उपांत्य सामन्यांत पुनः तेच दोघे समोरासमोर आले. पहिला गेम लिनचा, २१–१५. दुसरा लीचा, २१–११. तिसरा बाविसाव्या गुणापर्यंत लांबला, आणि या वेळीं तो लीनें २२–२० असा जिंकला. आठ वर्षांनीं ऑलिंपिकमध्यें लिनचा पराभव झाला ! सांचेबंद चरित्राचा शेवट याहून उत्तम ठिकाणीं करतां आला नसता. परंतु आयुष्य सांचा पाहून चालत नाहीं. दुसऱ्या दिवशीं अंतिम सामन्यांत चीनचाच चेन लाँग उभा होता. त्यानें लीला २१–१८, २१–१८ असें हरविलें. ज्याला हरविलें कीं सर्व मिळेल असें वाटत होतें, त्याला हरवूनहि तें मिळालें नाहीं. आम्हांला तर लीच्या चरित्राचा मध्यबिंदु हाच दिसतो. प्रतिस्पर्धी म्हणजे आपल्या व फळाच्या मध्यें उभा असलेला अडसर, ही समजूतच येथें खोटी ठरते.

मग प्रतिस्पर्धी म्हणजे काय ? आमच्या मतें तो आपल्या कामाचें माप होय. २००६ चा तो २३–२१ चा गेम समोर दुसरा कोणी असता तर कोणाच्या लक्षांतहि राहिला नसता. लंडनचे ते दोन गुण लिनच्या विरुद्ध गेले म्हणूनच ते आज मोजले जातात. उलट पक्षीं, लिनच्या सुवर्णपदकांचें वजन किती, हें सांगण्यास लीवांचून दुसरा साक्षीदार नाहीं. लीसारख्या खेळाडूला हरवून मिळालेलें तें सोनें आहे. म्हणून लिनला खलपुरुष करणारीं वर्णनें वाचतांना आम्हांला लेखकाची कींव येते. प्रतिनायक हीन केला, कीं नायकहि त्याच मापानें हीन होतो, हें आपल्या जुन्या कवींना पक्कें ठाऊक होतें.

बॅडमिंटन आम्हां महाराष्ट्रीयांस परका नाहीं. त्याचे आरंभींचे नियम गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत पुण्याच्या छावणींतील इंग्रज अंमलदारांनीं घडविले, आणि त्या खेळाला कांहीं काळ ‘पूना’ असेंच नांव होतें. सांगलीचे नंदू नाटेकर यांनीं १९५६ सालीं लीच्याच भूमींत, क्वालालंपूर येथें, स्पर्धा जिंकली व परदेशांत आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणारे ते पहिले भारतीय खेळाडु ठरले. परंतु आपल्यापैकीं किती जणांना या एका ओळीपलीकडे नाटेकरांविषयीं कांहीं सांगतां येईल ? ‘पहिला’ हा शब्द हातीं आला, कीं आपलें कुतूहल संपतें. दोष केवळ परदेशच्या चित्रपटांचा नाहीं. आपणहि त्याच सांच्याचे गिऱ्हाईक आहों.

हें आम्ही एवढ्या विस्तारानें लिहितों, याचें कारण घरोघरच्या अनुभवांत आहे. परीक्षेंत दुसऱ्या आलेल्या मुलाला आपण काय सांगतों ? आणखी मेहनत कर, म्हणजे पुढच्या वेळीं पहिला येशील. हें वचन देण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला ? मुलगा मेहनत करतो, आणि पुढच्या वेळींहि दुसराच येतो; मग त्याला वाटतें कीं मेहनतींतच कांहीं खोट असावी, किंवा वडील खोटें बोलले असावे. दोन्ही तर्क घातक आहेत. त्यापेक्षां ली चोंग वेईचें आयुष्य त्याला अथपासून इतिपर्यंत सांगावें. चिकाटीनें सुवर्णपदक मिळेलच असें नाहीं. परंतु चिकाटीवांचून लंडनच्या त्या एकोणीस गुणांपर्यंत कोणीहि पोंचत नाहीं, हें त्याला त्यांतून आपोआप कळेल. हें वचन लहान आहे खरें, परंतु तें मोडावें लागत नाहीं.

२०१८ मध्यें लीला नाकाच्या कर्करोगानें गांठलें. उपचारानंतर पुनः कोर्टावर उतरण्याची त्याची धडपड होती. परंतु अखेरीस १३ जून २०१९ रोजीं त्यानें साश्रु नयनांनीं निवृत्ति जाहीर केली. पुढच्या वर्षीं जुलैमध्यें लिनहि निवृत्त झाला. २०२३ च्या मे महिन्यांत जागतिक बॅडमिंटन महासंघानें आपल्या मानकऱ्यांच्या मालिकेंत दोघांचीं नांवें एकाच वेळीं घातलीं, आणि तो समारंभ झाला क्वालालंपूरला. पुढेंमागें कोणी समर्थ लेखक लीचें चरित्र पुनः लिहावयास घेईल, तर त्यानें २००६ पाशीं थांबूं नये, आणि रिओच्या उपांत्य सामन्यापाशींहि थांबूं नये. दुसऱ्या दिवसाचा तो हरलेला सामना त्यानें गुणागणिक लिहावा. तो आम्ही आमच्या मुलांना आनंदानें वाचावयास देऊं.