दुसऱ्या बाजूचे गाणे

इंदूरचे आमचे जुने घर गेल्या वर्षी रिकामे करावे लागले. अण्णांच्या लोखंडी कपाटात, अगदी तळाशी, ६०-६५ लहान तबकड्या निघाल्या. ७ इंच व्यासाच्या, मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या. काही नाट्यगीते, पुष्कळशी भावगीते, थोडी हिंदी चित्रपटांतील गाणी. प्रत्येक तबकडी आपल्या कागदी वेष्टनात आणि वेष्टनाच्या कोपऱ्यावर अण्णांच्या हातचा क्रमांक. इतक्या वर्षांत एकही तबकडी वाकलेली नव्हती.

खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात त्या पाहू लागलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ज्या बाजूवर घराघरांत ठाऊक असलेले गीत होते, ती सुईने झिजून करडी पडली होती. उलट बाजू मात्र काल दुकानातून आणल्यासारखी काळीभोर. आम्ही मुले "दुसरी बाजू लावा ना" म्हणालो, की "उगीच सुई झिजवू नका" हे अण्णांचे ठरलेले उत्तर असे. सुई महाग होती. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. परंतु परिणाम असा झाला, की ज्या संग्रहाचा आम्हां सर्वांना अभिमान होता, तो आमच्या घरात अर्धाच ऐकला गेला.

जपणे आणि ऐकणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी प्रथम जाणवले. मूळ प्रदेशापासून चार-सहा पिढ्या दूर राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना जपण्याची सवय जन्मजात असते. पुण्या-मुंबईत जे मागे पडले ते आमच्याकडे अजून आहे, असे आपण कौतुकाने सांगतो. ते खरेही असते. पण नुसते असणे म्हणजे रसिकता काय, हा प्रश्न मला त्या तबकड्यांनी विचारला. त्याचे उत्तर शोधताना इंग्लंडच्या उत्तर भागातील एका रसिकपरंपरेपाशी येऊन थांबलो. ती परंपराही केंद्रापासून दूर असलेल्यांची आणि ह्याच ७ इंची तबकडीवर उभी राहिलेली. म्हणून तिचा विचार येथे करतो.

आधी ही 'दुसरी बाजू' म्हणजे काय, ते पाहू. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ साली दीर्घ लांबीची तबकडी आणली. तिला उत्तर म्हणून आरसीए व्हिक्टर कंपनीने १९४९ मध्ये ४५ फेऱ्यांची ७ इंची तबकडी बाजारात आणली. ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी जड आणि ठिसूळ होती. ही हलकी आणि सहजासहजी न फुटणारी. लांबी मात्र जवळपास तीच राहिली, म्हणजे बाजूस साधारण तीन मिनिटे. आपल्याकडे बाजूस दोन याप्रमाणे चार गीतांची तबकडीही रूढ झाली. पाश्चात्त्य देशांत एका बाजूस एक गाणे हीच मुख्य रीत होती.

तबकडीला बाजू दोन, पण कंपनीला विकायचे गाणे एकच. रेडिओ केंद्रांकडे तबकडी जाई तीही कोणती बाजू वाजवायची ते ठरवून. दुसऱ्या बाजूवर हाताशी असेल ते गाणे घालीत. त्यात एक व्यवहारही होता. तबकडी विकली गेली की दोन्ही बाजूंच्या गीतकार-संगीतकारांना मानधन सारखेच मिळे. त्यामुळे दुसरी बाजू आपल्या पदरी पडावी म्हणून निर्माते स्वतःच रचलेले एखादे गाणे तेथे बसवीत. सारांश, पहिली बाजू ही कंपनीची निवड होती. दुसऱ्या बाजूविषयी कोणी काही ठरवलेले नव्हते. ती ऐकून ठरवणे श्रोत्यावर सोपवलेले होते, मग ते नकळत का असेना.

हे काम गांभीर्याने केले ते लँकशायर-यॉर्कशायरच्या गिरण्या-कोळशाच्या गावांतील तरुणांनी. १९६०च्या दशकात अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकांचे 'सोल' संगीत इंग्लंडमध्ये पोचले होते. चर्चमधील भक्तिगायनाचा आवेग प्रेमाच्या लौकिक विषयाला जोडणारे हे संगीत. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने त्याला ठाशीव ठेका दिला. दशक संपता संपता अमेरिकेत ती तऱ्हा मागे पडली आणि लंडननेही नवे वळण घेतले. उत्तरेकडची मंडळी मात्र १९६५-६६च्या त्या धावत्या गाण्यांना धरून राहिली. डेव्ह गॉडिन हे लंडनमध्ये तबकड्यांचे दुकान चालवीत आणि सोल संगीतावर लिहीत. फुटबॉलच्या सामन्यांसाठी उत्तरेकडून आलेले तरुण नवी तबकडी न मागता तीच जुनी तऱ्हा मागतात, हे त्यांच्या ध्यानात आले. दुकानातील सहकाऱ्यांना सोपे जावे म्हणून त्यांनी ह्या आवडीला 'नॉर्दर्न सोल' म्हणजे उत्तरेकडचे सोल असे नाव दिले आणि १९७०च्या सुमारास ते छापूनही आणले. गंमत अशी, की परिघावरच्या आवडीला नाव मिळाले ते राजधानीतल्या दुकानात.

मँचेस्टरचा 'ट्विस्टेड व्हील' क्लब १९७१ मध्ये बंद पडला. पुढे १९७३ ते १९८१ ह्या काळात विगन गावातील 'कॅसिनो' हे ह्या मंडळींचे मुख्य ठिकाण झाले. जॉर्ज ऑर्वेलने ज्या गावच्या दारिद्र्यावर १९३७ साली पुस्तक लिहिले, तेच हे विगन. येथे मध्यरात्रीनंतर सुरू झालेले नृत्य सकाळी आठाला संपे आणि मद्य मिळत नसे. वाजत असत त्या अमेरिकेत कोणीही न घेतलेल्या तबकड्या. नव्या गाण्यांचा पुरवठा होणे शक्य नव्हते, कारण तो काळ संपला होता. म्हणून हे लोक अमेरिकेत जाऊन गोदामांत पडून राहिलेले ढीग उपसू लागले. अपयशी तबकड्यांतून एक नवी परंपरा त्यांनी निवडून काढली. एरवी अशी निवड समीक्षक करतात. येथे ती कारखान्यांत काम करणाऱ्यांनी, पायांनी ठेका धरून केली.

ह्या शोधाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ग्लोरिया जोन्स हिचे 'टेन्टेड लव्ह', म्हणजे डागाळलेले प्रेम. गीत एड कॉब यांचे. १९६५ साली ते एका तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर निघाले आणि पहिल्या बाजूसकट विस्मृतीत गेले. १९७३ साली रिचर्ड सर्लिंग ह्या इंग्रज संग्राहकाला अमेरिकेत ते सापडले, त्याने ते उत्तरेत वाजवले आणि तेथे ते घरचे झाले. पुढे लीड्स येथे जमलेल्या 'सॉफ्ट सेल' ह्या जोडगोळीने १९८१ मध्ये तेच गीत नव्याने गायिले. ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले आणि अमेरिकेच्या पहिल्या शंभरांत ४३ आठवडे राहिले.

दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकावीत. १९८१चे गाणे संथ आणि थंड आहे. यंत्राच्या कोरड्या ठोक्यांवर गायक जणू बंद खोलीत स्वतःशीच बोलतो. जोन्सचे गाणे तसे नाही. ढोल मागून रेटत असतात, पितळी वाद्ये मध्येच आडवी येतात आणि चर्चमध्ये तयार झालेला तो आवाज कोठेही गयावया करीत नाही. निघून जाण्याचा निर्णय आधीच झालेला आहे, गाणे केवळ त्याची वाट कापते. दुःखाच्या शब्दांना इतका वेग देणे धाडसाचे होते. कंपनीला ते कळले नसावे. ज्यांना आठवडाभर यंत्रापुढे उभे राहून शनिवारी रात्री मोकळे व्हायचे होते, त्यांना ते पहिल्या फटक्यात कळले. कलाकृतीचा खरा श्रोता कधीकधी दुसऱ्या देशात, आठ वर्षांनी भेटतो, एवढाच ह्याचा अर्थ.

एक तपशील येथे नोंदवण्याजोगा आहे. सॉफ्ट सेलने आपल्या ७ इंची तबकडीच्या दुसऱ्या बाजूवरही दुसऱ्यांचेच गाणे घेतले. त्यामुळे इतक्या खपाच्या तबकडीवर गीतरचनेचे मानधन त्यांना काहीच मिळाले नाही. दुसऱ्या बाजूच्या गाण्याने नाव मिळालेल्यांनी दुसऱ्या बाजूकडेच दुर्लक्ष केले!

इथपर्यंत ही रसिकतेची कथा आहे. पण तिला काळी बाजूही आहे, आणि संग्राहकाने ती विसरू नये. दुर्मिळ तबकडी हाती लागली की प्रतिस्पर्ध्यांना ती शोधता येऊ नये म्हणून वाजवणारे तिचे लेबल झाकून टाकीत आणि गाणे भलत्याच गायकाच्या नावावर जाहीर करीत. फ्रँक विल्सनचे 'डू आय लव्ह यू' हे १९६५ सालचे गीत विगनमध्ये प्रथम वाजले ते एडी फॉस्टर ह्या नावाने. विल्सनची ही तबकडी मोटाउनने विक्रीला काढण्यापूर्वीच रद्द केली होती. मोजक्याच प्रती वाचल्या. म्हणजे ज्याचे गाणे एकदा कंपनीने दडपले, त्याचे नाव पुढे चाहत्यांनीच झाकले. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या काळात, १९०२ साली, गौहर जान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत असे, कारण तबकड्या दूर जर्मनीत तयार व्हायच्या आणि तेथे गायिका कोण हे कळायला हवे होते. नाव हा गाण्याचाच भाग आहे, ही जाण त्या व्यावहारिक रीतीत नकळत आली होती.

विल्सनच्या त्या तबकडीची एक प्रत २००९ साली २५ हजार पौंडांहून अधिक किमतीला गेली. वास्तविक १९७९ मध्येच ब्रिटनमध्ये ते गीत पुन्हा प्रसिद्ध झाले होते आणि कोणालाही थोडक्या पैशात घेता येत होते. तेव्हा ही किंमत गाण्याची नव्हे, हे उघड आहे. इतरांपाशी नसण्याला मोल आले की संग्राहकाचा रसिकाशी संबंध संपतो. अण्णांचे कपाट आणि हा लिलाव ह्यांत पैशाचे अंतर प्रचंड आहे. वृत्तीचे अंतर मात्र मला वाटले होते तितके नाही.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. नाचणाऱ्यांना वेग हवा होता, त्यामुळे संथ गाणी, कितीही उत्तम असली तरी, बाजूला पडत गेली. कंपनीच्या निवडीविरुद्ध उभी राहिलेली आवड स्वतःच एक चाकोरी बनली. हे ओळखले ते पुन्हा डेव्ह गॉडिन यांनी. ज्या आवडीला त्यांनी नाव दिले होते तिच्या बाहेर जाऊन, विस्मरणात गेलेल्या संथ, आर्त गाण्यांचे चार संकलित भाग त्यांनी १९९७ ते २००४ ह्या काळात काढले. २००४ मध्येच त्यांचे निधन झाले. संग्राहकाने समीक्षक व्हायचे तर काय करावे, ह्याचा हा वस्तुपाठ आहे. स्वतःच्या कंपूच्या आवडीविरुद्धही ऐकावे, नाव नीट सांगावे, आणि गाणे इतरांच्या हाती द्यावे.

आता पुन्हा आपल्या घरी येतो. आपल्या भावगीताविषयी जे लिहिले गेले, ते बव्हंशी रेडिओने आणि पुढे कॅसेटच्या 'निवडक' संग्रहांनी जी गाणी आपल्यापुढे ठेवली त्यांच्याविषयी. निवडक म्हणजे कोणी निवडलेले, हा प्रश्न आपण क्वचित विचारला. त्या संग्रहांत मूळ तबकडीची जोडी फुटली. कोणत्या गीताच्या पाठीला कोणते गीत होते, ते दिसेनासे झाले. तबकडीपाशी ही माहिती अजून शाबूत आहे, आणि ती ज्या कपाटांत आहे त्यांतली कितीतरी इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा गावांतील आपल्याच घरांत आहेत. ही घरे आता एकेक करून रिकामी होत आहेत.

मी अण्णांच्या संग्रहातील वीसेक दुसऱ्या बाजू आतापर्यंत ऐकल्या. त्यांतल्या बहुतेक बेताच्याच निघाल्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कंपनीचा अंदाज पुष्कळदा बरोबर असतो, आणि उपेक्षित ते सर्व उत्कृष्ट असे मानणे हा निव्वळ भाबडेपणा होय. पण तीन ठिकाणी गाणे संपल्यावर सुई उचलून पुन्हा आरंभी ठेवावीशी वाटली. त्या तीन तबकड्या मी मंडळाच्या पुढील बैठकीस आणणार आहे. आधी लेबलवरील गायक, संगीतकार आणि कवी ही तिन्ही नावे मोठ्याने वाचू, आणि मग दोन्ही बाजू ऐकू. सभासदांनीही आपापल्या घरातून एकेक तबकडी आणावी. माझा कौल चुकीचा वाटला तर तसे सांगावे. त्यासाठीच तर एकत्र ऐकायचे.

नवी सुई मी आणून ठेवली आहे. ती झिजली तर अण्णा रागावणार नाहीत, असे वाटते.