उस्मानाबादचा पेपर वाचताना: ‘नेहमीची सेवा’ म्हणजे नेमकं काय?

आरोग्य संशोधनातली विषमता शोधायची म्हटलं की आपण दोन गोष्टी मोजतो: अभ्यासात स्त्रिया किती आणि लेखकांत ग्रामीण भागातले किती. आज असा एक पेपर बघू, जो या दोन्ही कसोट्यांवर पास होतो. तरी त्यात विषमता आहेच.

हा पेपर एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. विषय होता गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी. ठिकाण उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आताचं धाराशिव. १९८२ पर्यंत लातूरही याच जिल्ह्यात होतं, त्यामुळे ही माणसं आपलीच. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया आणि गावांचे ५२ समूह. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे या समूहांचे चार गट पाडले. तीन गटांत प्रत्येकी एक तपासणी एकदाच दिली: एचपीव्ही चाचणी, पॅप स्मिअर किंवा व्हीआयए (ॲसिटिक ॲसिड लावून गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहणं). चौथ्या गटाला ‘नेहमीची सेवा’.

पहिले लेखक फ्रान्समधल्या लियाँच्या संस्थेतले डॉ. शंकरनारायणन, दुसरे बार्शीचे डॉ. नेने, शेवटचं नाव टाटा मेमोरियलच्या डॉ. केतायून दिनशॉ यांचं. म्हणजे यादीत बार्शी आहे, स्त्रीही आहे.

निकाल स्पष्ट होता. आठ वर्षांत एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने गेल्या, तर ‘नेहमीच्या सेवे’च्या गटात ३१,४८८ पैकी ६४. स्वतः भागाकार करून बघा: दर दहा हजारांत साधारण १० विरुद्ध २०. पॅप आणि व्हीआयए गटांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही.

आता त्या दोन शब्दांकडे या. या गावांत ‘नेहमीची सेवा’ म्हणजे व्यवहारात तपासणीच नाही. जिथे पॅप तपासणी नित्याची आहे, त्या देशात असा गट ठेवताच आला नसता. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट एरिक सुबा यांनी २०१४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये याच मुद्द्यावर टीका केली. बचावही कमकुवत नाही: सरकारी सेवेत तपासणी नव्हतीच, आणि एचपीव्ही चाचणी मृत्यू कमी करेल हे आधी सिद्ध झालेलं नव्हतं. पण हा बचाव मान्य केला तर एक गोष्ट पदरात घ्यावी लागते. सेवा नसणं हीच इथे संशोधनाची सोय झाली. मराठवाड्यातलं दारिद्र्य अभ्यासाच्या आराखड्यात ‘कंट्रोल’ म्हणून बसलं.

त्याहून मोठा प्रश्न नंतरचा. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्राथमिक तपासणी म्हणून एचपीव्ही चाचणीची शिफारस केली. आपल्याकडे २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत मात्र व्हीआयए आहे. ती स्वस्त आहे, निकाल लगेच मिळतो, परिचारिका करू शकते. कारणं खरी आहेत. पण तीही पोचत नाही: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ३० ते ४९ वयाच्या फक्त १.९ टक्के स्त्रियांची ही तपासणी कधीतरी झाली होती. ज्या भागातल्या बायकांनी जगाला उत्तर दिलं, तिथे ते उत्तर परत येत नाही. स्त्रिया अभ्यासात आहेत म्हणजे अभ्यास त्यांच्या कामी आला, असं धरून चालू नका.

नांदेड-लातूरच्या विद्यापीठात सिनॉप्सिस लिहिताय? मग कुठलाही पेपर वाचताना तीन गोष्टी वहीत लिहा: कंट्रोल गटाला नेमकं काय मिळालं, का मिळालं आणि निकालानंतर त्या गावात काय बदललं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पेपरात बहुधा नसतं. एचपीव्ही चाचणी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कशी परवडेल, नमुना बाईने स्वतःच घेतला तर चालेल का, पॉझिटिव्ह आलेली बाई पुढच्या उपचारापर्यंत का पोचत नाही, हे विषय लियाँपेक्षा इथून जास्त नीट दिसतात. ते आपण घ्यायला हवेत.